साग उभा आहे पण स्लाइडवर नाही: सातपुड्याच्या पायथ्याचं एक परागकण प्रकरण

शिरपूर तालुक्यात वरच्या अंगाला काळी सपाट जमीन संपते आणि सातपुड्याची पहिली टेकाडं लागतात. तिथल्या एका गावातली माझी विद्यार्थिनी एमएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला होती, डिझर्टेशनला विषय शोधत होती, आणि तिचा प्रश्न थेट घरातून आलेला होता. तिचे आबा म्हणायचे, "आम्हना टाइमले आठे सागच साग व्हता." वडलांचं म्हणणं वेगळं, की गावाजवळ कायम गवत आणि झुडपंच होती, साग होता तो वर डोंगरात. दलदलीतल्या पीटमध्ये, म्हणजे न कुजता साचलेल्या झाडपाल्याच्या थरांत, अडकलेल्या परागकणांवरून हजारो वर्षांपूर्वीचं रान सांगता येतं हे तिनं कुठंतरी वाचलेलं. म्हणाली, "मॅडम, आपल्या गावच्या तलावाचा गाळ काढून बघूया ना."

हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण खान्देशात हा अभ्यास करायला घेतला की थंड देशांतल्या पुस्तकांमधली पद्धत जशीच्या तशी चालत नाही, आणि ती कुठं कुठं अडते हे मराठीत लिहिलेलं मला तरी फारसं दिसलेलं नाही.

आधी मूळ पद्धत. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं, आणि सजीवांनी बनवलेल्या पदार्थांत याच्याइतका चिवट पदार्थ क्वचितच सापडतो. हवा लागली नाही तर ते हजारो वर्षं टिकतं. दलदलीत पाणी साचून राहतं, ऑक्सिजन पोचत नाही, वरून आम्लता, त्यामुळे मेलेलं गवत, शेवाळ, पानं नीट कुजतच नाहीत, थरावर थर चढत जातात आणि त्याचं पीट होतं. दरवर्षी हवेतून पडलेले परागकण त्या त्या थरात बंद होतात. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टनं १९१६ साली अशा थरांतल्या परागकणांची टक्केवारी काढून आलेख मांडला आणि तिथून ही पद्धत रुळली. खालचा थर जुना, वरचा नवा, प्रत्येक थरातले निदान दोनतीनशे कण मोजायचे, कुठलं झाड वाढत गेलं आणि कुठलं कमी होत गेलं ते बघायचं, आणि कार्बन डेटिंगनं थरांचं वय लावायचं. ऐकायला एवढं सरळ आहे.

पण आपल्याकडं पीट आहे कुठं? पाऊस जून ते सप्टेंबर, मग सातआठ महिने कोरडे, जळगाव-भुसावळकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, अशा ठिकाणी कुजायचं ते सगळं कुजून जातं. त्यात काळी जमीन. ती अल्कधर्मी, आणि परागकणांना मानवतं आम्ल वातावरण. शिवाय ती उन्हाळ्यात भेगाळते, कधी कधी हात आत जाईल एवढी, आणि वरची माती, वरचे कण सगळं त्या भेगांतून खाली जातं, मग पहिल्या पावसात जमीन फुगून भेगा मिटतात. म्हणजे यंदाचा परागकण सरळ शंभर वर्षं जुन्या मातीत जाऊन बसू शकतो. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं दरवर्षी झालं की कवच पण झिजतं. म्हणून शेतातल्या काळ्या मातीचा खड्डा खणून परागकण मोजायचा विचार आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला.

राहिला तलाव. इथं मी तिला एकच काम दिलं, गावात जाऊन विचार की हा तलाव कधी बांधला आणि उन्हाळ्यात पूर्ण आटतो का. उत्तर घेऊन आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. तलाव म्हणजे पाझर तलाव, ७२ च्या दुष्काळात मजुरांच्या हातून झालेला, आबांनी स्वतः तिथं टोपल्या वाहिल्या होत्या. म्हणजे या गाळाचं वय जेमतेम पन्नास वर्षांचं. त्याच्या खालची माती म्हणजे जुनं शेत किंवा नाला, तिथं थर लागलेलेच नाहीत. आणि बहुतेक उन्हाळ्यांत तो तळापर्यंत आटतो, तळ भेगाळतो. खान्देशातल्या पुष्कळ गावतळ्यांची हीच गत आहे, म्हणून कोणी तलावाच्या गाळातून पाच हजार वर्षांचा इतिहास काढायला निघालं तर सगळ्यात आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं, मशीन नंतर.

तरी आम्ही तलाव सोडला नाही, कारण पन्नास वर्षांचे प्रश्न पण असतात. त्याच वर्षी तिथं गाळ काढायचं काम निघालं होतं, जेसीबीनं एका बाजूला उभा काप पाडला होता आणि ट्रॅक्टर भरून गाळ शेतांत चालला होता. शेतकऱ्यासाठी ते सोनं आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण असा उघडा काप आयता मिळतो तेव्हा वरचा दोन बोटांचा थर थापीनं खरवडून टाकायचा, आडवं खरवडायचं, वरून खाली नाही, नाहीतर वरचे कण खालच्या थरावर पसरतात, आणि मग खालून सुरुवात करून वर वर सॅम्पल घेत यायचं. हे सगळं एका सकाळचं काम आहे.

आणि दुसरी जागा तिच्या आजीनं सांगितली. गावापासून वर, टेकाडाच्या पोटात एक झरा आहे, मे महिन्यात पण ओला असतो, गुरं तिथंच पाणी पितात, आणि झऱ्याच्या खाली खोलीभर जागेत लव्हाळा, पाणकणीस आणि काळा चिखल. चिखल हातात घेतला तर मुळांच्या धाग्यांनी भरलेला, दाबला की तपकिरी पाणी सुटतं, वास सडल्या अंड्याचा. याला पीट म्हणायचं धाडस मी करणार नाही, माती बरीच मिसळलेली आहे. पण कायम ओला, हवेपासून तुटलेला, हातापायांनी न ढवळलेला असा कोपरा त्यात सापडला आणि आमच्या कामाला तेवढं पुरेसं होतं. पीट कापायचं खास यंत्र कॉलेजकडं नव्हतं. ठिबकच्या दुकानात मिळतो तो तीन इंची पीव्हीसी पाईप, खालची कड कानशीनं धारदार केलेली, वर लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकला, वरचं तोंड रबरी बुचानं घट्ट बंद केलं म्हणजे आतला चिखल सरकत नाही, आणि दोरानं ओढून काढला. यातली एक गोष्ट हमखास विसरली जाते: ठोकताना आतला चिखल दबतो, त्यामुळे पाईपच्या आत चिखल किती खाली बसला आणि बाहेर जमीन कुठं आहे, दोन्ही मापं काढायच्या आधीच घ्यायची, नाहीतर पुढं खोली आणि वय यांचा हिशोब लागत नाही.

लॅबचं थोडक्यात. कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून कुजका भाग काढायचा, मग चाळणी, मग मातीतली वाळू-सिलिका घालवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल. हे शेवटचं काम कॉलेजच्या लॅबमध्ये करू नये, अजिबात करू नये, ते आम्ल कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं. सॅम्पल तेवढ्यासाठी योग्य सोय असलेल्या संशोधन संस्थेत पाठवले. त्यानंतर अ‍ॅसिटोलिसिस, म्हणजे उरलासुरला सेंद्रिय भाग काढून परागकणाचं कवच साफ करणं; त्यासाठी नऊ भाग अ‍ॅसेटिक अनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक आम्ल, गुन्नार एर्टमननं १९३४ मध्ये दिलेली पद्धत. सॅम्पलमध्ये पाणी राहिलं असेल तर हे मिश्रण उसळतं, म्हणून आधी ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लानं पाणी काढून घेतात. शिवाय सुरुवातीलाच लायकोपोडियम या नेच्यासारख्या बिनफुलांच्या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकतात. एका गोळीत किती बीजाणू आहेत हे माहीत असतं, त्यामुळे स्लाइडवर ते किती दिसले यावरून मातीत खरे परागकण किती होते ते काढता येतं. लायकोपोडियम आमच्या या कोरड्या पायथ्याला उगवत नाही, त्यामुळे इथं गोंधळाला जागाच नाही.

आता स्लाइड. तिनं मला पहिल्यांदा मायक्रोस्कोपपाशी बोलावलं तो कण बाभळीचा होता. बाभळीचे परागकण एकेकटे नसतात, सोळा कण एकत्र चिकटून चपटी गोल टिकली झालेली असते, मधे आठ आणि कडेनं आठ, एकदा बघितलं की परत कधी चुकत नाही. वेडी बाभूळ दिसायला बाभळीची बहीण वाटते पण तिचे कण सुटे असतात, त्यामुळे आपली बाभूळ आणि परदेशातून आलेली वेडी बाभूळ यांची स्लाइडवर गल्लत होत नाही. गवताचा कण म्हणजे गोल फुगा, एकच भोक आणि भोकाभोवती कडं. कुसळी असो, मारवेल असो, सगळी गवतं तशीच. बाजरी आणि ज्वारी पण गवतंच, कण जरा मोठे, पण रानगवताची मोठी जात आणि बाजरी यांच्यात रेषा ओढायची म्हटली तर हात कापतो. मका मात्र ओळखू येतो, त्याचा कण इतर गवतांच्या मानानं राक्षसी, आणि जड असल्यामुळे शेताच्या आसपासच पडतो.

तलावाच्या गाळात वरच्या थरांमध्ये मका वाढलेला, आणि छोट्या काट्यांचे झेंडू-सूर्यफूल कुळातले कण एकदम वाढलेले. हे बहुतेक गाजर गवत. भारतात ते १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं, त्यामुळे त्याचा भर दिसला की तो थर त्यानंतरचा. एकट्यादुकट्या कणावर मात्र असं म्हणू नये, त्या कुळात सारखे दिसणारे कण पुष्कळ आहेत. एवढ्यावर तलावाचं काम संपलं, आणि पन्नास वर्षांसाठी ते मला समाधानकारक वाटतं.

झऱ्याच्या चिखलात खरा पेच आला. वरपासून खालपर्यंत गवत आणि लव्हाळा यांचंच राज्य, नेच्यांचे बीजाणू, ऐन-धावड्याच्या कुळातले कण थोडे, वावळ दर स्लाइडवर हजर. आणि साग? शोधून शोधून एखादा. खालच्या थरात तर नाहीच. ती दोन दिवस गप्प होती, मग ड्राफ्ट घेऊन आली, त्यात लिहिलेलं की या भागात सागाचं जंगल कधीच नव्हतं, आबांची आठवण चुकीची आहे, पुरावा स्पष्ट आहे.

मी तिला विचारलं, झऱ्यापाशी उभं राहिलं की आज काय दिसतं? म्हणाली, साग. वरच्या उतारावर सगळा साग. मग आज चिखलाच्या अगदी वरच्या थरात, म्हणजे या दोनचार वर्षांच्या थरात, साग किती मिळाला? तिनं वही काढली. जवळपास नाहीच.

या प्रकरणाची सगळी किल्ली इथं आहे. आजचा नमुना हाच आपला मापदंड. साग फुलतो भर पावसाळ्यात, पांढऱ्या फुलांचे तुरे येतात, परागण कीटकांमार्फत होतं, आणि जे कण सुटतात ते पावसात धुतले जातात, त्यातले टिकतात पण कमी. मध्य भारतात सागाच्या जंगलात जमिनीवरचे नमुने घेऊन केलेल्या अभ्यासांतही हेच दिसलेलं आहे, झाडं भरपूर आणि परागकण अगदी किरकोळ. उलट वावळ उन्हाळ्याच्या तोंडावर वाऱ्यावर पराग उधळतो, त्यामुळे चार झाडं असली तरी त्याची हजेरी जोरात लागते. ही ग्रामसभेच्या हजेरीसारखी गत आहे, ज्यांनी सही केली ते रजिस्टरमध्ये दिसतात, पण सही न केलेला माणूस गावात राहतच नाही असं त्यावरून म्हणता येत नाही. म्हणून आम्ही झऱ्याभोवती, उतारावर, शेताच्या बांधावर, केळीच्या मळ्याजवळ अशा ठिकाणांहून आजच्या मातीचे आणि शेवाळाचे नमुने घेतले, प्रत्येक ठिकाणी कुठलं झाड किती आहे ते मोजलं आणि मगच चिखलाच्या आलेखाकडं परत वळलो. हे काम कंटाळवाणं आहे, डिझर्टेशनमध्ये त्याला मार्क पण मिळत नाहीत, तरी याच्याशिवाय खान्देशातला कुठलाही परागकण आलेख वाचू नये असं माझं ठाम मत आहे.

आणि केळीच्या मळ्याजवळचा नमुना बघितल्यावर मुद्दा आणखी पक्का झाला. आपल्याकडची लागवडीची केळी वांझ, फळ परागाशिवाय धरतं, आणि केळीच्या परागकणाला जाड कवच नसतंच, जे काय असतं ते अ‍ॅसिटोलिसिसमध्ये विरघळून जातं. कपाशीचा कण मोठा, काटेरी, चिकट, उडतच नाही. म्हणजे रावेर-यावलचा अख्खा केळीचा पट्टा आणि खान्देशभरची कपाशी, आपलं आजचं जवळजवळ सगळं शिवार, परागकणांच्या नोंदीत दिसतच नाही. पाचशे वर्षांनी कुणी आपला गाळ तपासला आणि फक्त परागकण मोजले तर त्याला वाटेल इथं गवताचं माळरान होतं. केळीसाठी वेगळा पुरावा लागतो. केळीच्या पानात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, ज्वालामुखीच्या तोंडासारखा खोलगट आकार, त्यांना फायटोलिथ म्हणतात, आणि पान कुजून गेलं तरी ते मातीत राहतात. पण इथं एक काळजी घ्यायची, परागकणांच्या तयारीतलं हायड्रोफ्लोरिक आम्ल सिलिका खाऊन टाकतं, म्हणून फायटोलिथसाठी चिखलाचा वाटा सुरुवातीलाच वेगळा काढून ठेवावा लागतो. तिनं ठेवला होता.

मग हवामानाचं काय? परागकण थेट पाऊस सांगत नाहीत, ते झाडं सांगतात, आणि झाडांवरून आपण पावसाचा अंदाज बांधतो. जिथं माणूस नव्हता तिथं हे बऱ्यापैकी चालतं. पण तापीच्या खोऱ्यात माणूस फार जुना आहे. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे, गिरणेकाठचं बहाळ, साक्री भागातलं कावठे, ही ताम्रपाषाण काळातली शेतकऱ्यांची गावं आहेत, सावळदा नावाची खापरांची परंपरा तर आपल्याच तापीकाठच्या गावावरून ओळखली जाते. तेव्हा एखाद्या थरात गवत वाढलेलं दिसलं तर पाऊस कमी झाला, का कुणी रान जाळून शेत केलं, का गुरं वाढली? एकट्या परागकणांनी हे सुटत नाही. त्यासाठी आम्ही त्याच स्लाइडवर कोळशाचे बारीक कण मोजले आणि शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू मोजले. झऱ्याच्या मधल्या थरांपासून वर गवत, कोळसा आणि शेणबुरशी तिन्ही एकत्र वाढताना दिसतात, म्हणून त्या बदलामागं पावसापेक्षा आग आणि गुरं जास्त असावीत असं आम्ही मानलं.

निलगिरीच्या पीटवर १९९३ साली प्रसिद्ध झालेला कार्बन समस्थानिकांचा अभ्यास तिला फार आवडला होता, आणि तसंच इथं करावं असा तिचा आग्रह होता. त्यात तत्त्व असं की झाडं आणि उष्ण प्रदेशातली गवतं कार्बन वेगवेगळ्या पद्धतीनं घेतात, झाडांच्या अवशेषांत कार्बन-१३ (कार्बनचा जरा जड प्रकार) कमी आणि अशा गवतांच्या अवशेषांत जास्त, त्यामुळे पीटवरून कळतं की कधी गवत पसरलं आणि कधी झाडं. त्यावरून निलगिरीत हिमयुगाच्या ऐन भरात कोरडं, गवताळ वातावरण होतं हे दिसलं. निलगिरीच्या उंच गवताळ पठारावर हे छान चालतं. आपल्याकडं बाजरी, ज्वारी, मका हे सगळे त्या गवतांच्या बाजूला, आणि केळी, कपाशी, हरभरा, गहू झाडांच्या बाजूला. म्हणजे बाजरी काढून केळी लावली की समस्थानिक सांगणार जंगल वाढलं. तिला हे पटायला वेळ लागला, पण पटलं तेव्हा तिनंच ते आलेखाशेजारी सूचना म्हणून टाकलं.

मोठ्या काळाचा पाऊस हवा असेल तर आपल्याला शेजारी बुलढाण्यात लोणारकडं बघावं लागतं. ते सरोवर उल्कापातानं झालेलं, बंद, आणि त्याच्या तळातून काढलेल्या गाळात साधारण ११,००० वर्षांची नोंद मिळाली आहे. त्यात लांबलेल्या दुष्काळाचे दोन काळ दिसतात, एक साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिल्या काळाचा शेवट आणि आपल्या तापी खोऱ्यातली ती जुनी शेतकरी गावं कालगणनेत जवळ जवळ येतात, त्यामुळे तिथल्या मातीतलं धान्य, फायटोलिथ, कोळसा हे सगळं लोणारच्या आलेखाशेजारी ठेवून बघायची मला फार इच्छा आहे. आणखी मागं गेलं तर चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला सापडलेली शहामृगाच्या अंड्यांची कवचं आणि त्यांचे मणी आहेत, साधारण २५,००० वर्षांपूर्वीचे. शहामृग दाट रानात राहत नाही. एकही परागकण न मोजता तेव्हाचं उघडं माळरान ती कवचं सांगून जातात.

शेवटी तिच्या डिझर्टेशनमध्ये निष्कर्ष असा गेला: झऱ्याच्या दलदलीत जेवढ्या खोलीपर्यंत नमुना मिळाला त्या सगळ्या काळात तिथं लव्हाळ्याची ओली जागा होती आणि भोवती गवत व पानगळीची झाडं मिसळून होती. वरच्या थरांत आग आणि चराईची खूण वाढते. साग होता की नव्हता हे परागकणांवरून सांगता येत नाही, कारण आज साग उभा असतानाही तो नोंदीत येत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, मग एवढ्या कामातून सागाचं उत्तर काय मिळालं? ती म्हणाली, "सर, या पुराव्यानं आबांना खोटं ठरवता येत नाही, एवढं नक्की मिळालं. सागासाठी कोळशाचे मोठे तुकडे शोधून लाकूड ओळखावं लागेल." सागाच्या लाकडात वर्षाच्या सुरुवातीच्या मोठ्या नळ्यांची ओळ कडीसारखी दिसते, कोळसा झाल्यावरही ती राहते, त्यामुळे हा मार्ग खरंच आहे. पुढच्या बॅचचा एक मुलगा आता त्याच पाईपमधला उरलेला अर्धा भाग घेऊन बसलाय.

तुमच्या गावात गाळ काढायचं काम निघालं असेल, किंवा डोंगरात बारमाही ओली जागा माहीत असेल, तर जवळच्या कॉलेजच्या बॉटनी किंवा जिऑलॉजीच्या मास्तरांना आधी फोन करा. आणि ते यायच्या आत काप बुजणार असेल तर एवढं करा: वरचा थर आडवा खरवडा, खालून वर येत दर चार बोटांवर मूठभर गाळ वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घ्या, प्रत्येक पिशवीवर वरच्या कडेपासून किती खोल ते परमनंट मार्करनं लिहा, तलाव कधी बांधला आणि कधी कधी आटला ते म्हाताऱ्या माणसाला विचारून त्याच वहीत लिहा, आणि पिशव्या उन्हात न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको.